डॉक्टरकीचा रस्ता अकरावीला ठरतो, बीएस्सीला नव्हे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दहावी, बारावी आणि वैद्यकीय प्रवेशाची नीट असे तिन्ही निकाल हाती आले की सोलापुरातल्या विज्ञान महाविद्यालयांत दोन प्रकारचे पालक एकच प्रश्न घेऊन येतात. एकांची मुलगी अकरावीला जाणार असते. दुसऱ्यांचा मुलगा नीटमध्ये मागे पडलेला असतो आणि त्याचं नाव एफवायला, म्हणजे बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला, घालायचं असतं. प्रश्न असा: "डॉक्टर करायचंय, विषय कुठले घेऊ?" या दोघांना द्यायची उत्तरं अगदी वेगळी आहेत. त्यांची गल्लत होऊन चांगल्या मुलांची वर्षं वाया जातात, म्हणून हे जरा सविस्तर पत्र.

आधी एक समजूत खोडून काढू. "झूलॉजीत बीएस्सी केलं की एमबीबीएस सोपं पडतं" असं आजही साखर पेठेपासून जुळे सोलापूरपर्यंत ऐकू येतं. पुष्कळदा त्यामागे अमेरिकेतल्या नातेवाइकांचा सल्ला असतो. तिथे आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट ही परीक्षा आणि मग चार वर्षांचं वैद्यकीय शिक्षण असा क्रम आहे. पदवीचा मुख्य विषय इतिहास असो की संगीत, चालतो. बहुतेक ठिकाणी जीवशास्त्र, सामान्य रसायन, सेंद्रिय रसायन आणि भौतिकशास्त्र यांचे प्रयोगशाळेसह ठरावीक कोर्स मात्र पुरे केलेले लागतात. आपल्याकडे बारावीनंतर थेट साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची इंटर्नशिप. बीएस्सीत विद्यापीठात पहिला आलात तरी नीटमध्ये एक गुण वाढत नाही आणि एमबीबीएसचा एक दिवस कमी होत नाही. इथली बीएस्सी घेऊन अमेरिकेत मेडिकलला जाण्याचा बेतही जपूनच करावा. तिथली बरीच वैद्यकीय महाविद्यालयं परदेशी विद्यार्थी घेतच नाहीत आणि घेणाऱ्यांपैकी अनेकांना तिथल्याच कॉलेजात केलेले काही कोर्स हवे असतात.

म्हणजे आपल्या मुलांच्या बाबतीत डॉक्टरकीचे विषय ठरतात ते अकरावीच्या अर्जात. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे चार विषय हवेतच. बारावीला पहिल्या तिघांचे मिळून खुल्या प्रवर्गाला ३०० पैकी १५० आणि राखीव प्रवर्गांना १२० गुण लागतात, इंग्रजीत उत्तीर्ण व्हावं लागतं, आणि प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षं पूर्ण असावी लागतात. दीडशे गुण म्हणजे काहीच नाहीत असं वाटतं. पण दोन वर्षं फक्त वस्तुनिष्ठ प्रश्न सोडवलेल्या मुलाच्या हातून बोर्डाच्या पेपरात उत्तराचे टप्पे, आकृत्या आणि एककं सुटतात. प्रत्येक विषयात ७० गुण लेखी आणि ३० प्रात्यक्षिकाचे आहेत. जर्नल अपुरं आणि प्रयोग न केलेला मुलगा त्या तिसातही मागे पडतो. नीटला भरपूर गुण असूनही इथे अडकणारी मुलं थोडी असतात, पण असतात.

विषय भरताना सगळ्यात मोठी चूक बायफोकलमध्ये, म्हणजे व्यवसायाभिमुख विषयांमध्ये, होते. इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स, पीकशास्त्र असा बायफोकल विषय २०० गुणांचा असतो आणि तो दुसरी भाषा व एक ऐच्छिक विषय अशा दोघांची जागा घेतो. मग इंग्रजी, फिजिक्स, केमिस्ट्री यांच्याखेरीज मॅथ्स किंवा बायॉलॉजी यांपैकी एकच उरतो. "कॉम्प्युटरला मार्क चांगले पडतात" म्हणून जागा घेतली आणि तो गट गणिताचा निघाला, तर मुलाचं जीवशास्त्र तिथेच सुटलं. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला आहे. कॉलेजचं नाव पाहून पसंतीक्रम भरला जातो, विषयांचा गट नंतर कळतो. पसंतीक्रम भरण्याआधीच त्या कॉलेजात कोणते गट आहेत ते विचारून घ्यावं. दुसऱ्या भाषेऐवजी आयटी घेण्याला मात्र काही हरकत नाही, तिथे जीवशास्त्र शाबूत राहतं.

ज्यांचं जीवशास्त्र सुटलं त्यांच्यासाठी एक दार आता उघडं आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर २०२३ च्या सूचनेनुसार बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून जीवशास्त्र उत्तीर्ण केलेला विद्यार्थीही नीटला पात्र धरला जातो. बोर्डाकडे 'तुरळक विषय' म्हणून अर्ज करता येतो. प्रात्यक्षिकं मात्र एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयातून करावी लागतात, तेव्हा त्या कॉलेजशी आधी बोलून ठेवावं.

आता गणिताचं. पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायॉलॉजी) घ्यावं की गणित सोडून नुसतं पीसीबी? मुलाच्या मनात इंजिनिअरिंग, संख्याशास्त्र किंवा कॉम्प्युटरचा विचार खरोखर असेल तर गणित जरूर ठेवा. "असू दे, कधी लागलं तर" म्हणून ठेवू नका. बारावीला गणित राहिलं तर निकाल अनुत्तीर्ण लागतो. मग पीसीबीला कितीही गुण असोत, पुरवणी परीक्षेत ते सुटेपर्यंत वैद्यकीय प्रवेश टांगणीला लागतो. गणिताच्या जागी भूगोल घेतला तर अभ्यास हलका होतो आणि पात्रतेला धक्का लागत नाही.

पण गणित सोडलं म्हणजे गणितातून सुटका झाली असं समजणं महागात पडतं. नीटचा पेपर १८० प्रश्नांचा, ७२० गुणांचा आणि १८० मिनिटांचा. बरोबर उत्तराला ४, चुकलं तर वजा १. जीवशास्त्राचे ९० प्रश्न पाऊण तासात उरकले तर फिजिक्स-केमिस्ट्रीच्या ९० प्रश्नांना १३५ मिनिटं राहतात. त्यातून ओएमआर उत्तरपत्रिकेवरचे गोल भरायला, एका गोलाला चार सेकंद धरले तरी, बारा मिनिटं जातात. या हिशोबात आकडेमोड अडली की पेपर गेला.

एक नेहमीचं उदाहरण घ्या. प्रथम कोटीची अभिक्रिया, अर्धायुष्य २० मिनिटं, ८७.५ टक्के पूर्ण व्हायला किती वेळ? बोर्डाच्या सवयीचा मुलगा २.३०३ चं सूत्र लिहितो आणि लॉगची किंमत शोधायला लागतो. बोर्डाच्या पेपरात लॉग टेबल मिळतं, नीटमध्ये मिळत नाही. त्याची दोन मिनिटं तिथेच जातात. दुसरा मुलगा पाहतो की उरले १२.५ टक्के, म्हणजे १/८, म्हणजे तीनदा निम्मं झालं: तीन गुणिले वीस, साठ मिनिटं. दहा सेकंदांत पुढच्या प्रश्नावर. ही नजर सरावाने येते, हुशारीचा तिथे फारसा संबंध नाही. म्हणून पीसीबीच्या मुलांनी अकरावीच्या सुरुवातीलाच रोज अर्धा तास याप्रमाणे दोन महिने एवढंच गणित पक्कं करावं: लॉगचे नियम, ०, ३०, ४५, ६०, ९० अंशांच्या साइन-कोसाइनच्या किमती, सदिशांची बेरीज, आलेखाचा उतार, वर्गसमीकरण, साधं डिफरन्सिएशन आणि इंटिग्रेशन. तीस तासांत हे होतं. ते झालं नाही तर फिजिक्स दोन्ही वर्षं डोक्यावरून जातं.

अकरावी कुठे करायची हाही विषयनिवडीचाच भाग आहे आणि सोलापूरकरांना तो जास्त लागू पडतो. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, मंगळवेढ्याकडच्या मुलांना विजापूर आणि कलबुर्गी जवळ पडतात. तेलुगू घरातली बरीच मुलं हैदराबादच्या कॉलेजांत जातात, काही राजस्थानातल्या कोटा शहरात. आपल्या राज्यातल्या शासकीय महाविद्यालयांच्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरतात, आणि त्यासाठी अधिवासाबरोबर बारावी महाराष्ट्रातून झालेली लागते, सर्वसाधारणपणे दहावीही. केंद्र व राज्य सरकारी कर्मचाऱ्यांची मुलं, वादग्रस्त सीमाभागातले विद्यार्थी अशा काहींना सवलत आहे. बाकीच्यांनी बारावी परराज्यात केली तर सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची राज्य कोट्यातली जागा, त्याचं सिव्हिल हॉस्पिटल घरापासून चालत जाण्याइतकं जवळ असूनही, त्यांच्या हातची जाते. मग त्यांना अखिल भारतीय १५ टक्क्यांत झगडावं लागतं. लातूरला जाणाऱ्यांना ही अडचण नाही. मराठीतून पेपर देणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी: मराठीची प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्याच केंद्रांवर मिळते, तीत इंग्रजी प्रश्न सोबत असतो आणि भाषांतरात फरक पडला तर इंग्रजीच ग्राह्य धरतात. त्यामुळे संज्ञा दोन्ही भाषांत माहीत असलेल्या बऱ्या.

आता दुसऱ्या पालकांकडे वळू. नीट हुकली, मुलगा पुन्हा बसणार आहे, आणि "वर्ष रिकामं दिसायला नको" म्हणून एफवायला नाव घालायचं आहे. इथे विषय बहुधा कसा ठरतो? मित्राने घेतला तो, किंवा नाव भारी वाटतं तो. खरं तर या मुलाने दोनच गोष्टी पाहायला हव्यात. त्या विषयाची प्रात्यक्षिकं कशी चालतात, आणि एमबीबीएस कधीच मिळालं नाही तर या विषयावर आपण कुठे उभे राहू.

प्रात्यक्षिकांकडे कुणी लक्ष देत नाही आणि घसरगुंडी तिथूनच सुरू होते. सूक्ष्मजीवशास्त्राचं घ्या. आज जिवाणू वाढवायचं माध्यम तयार करायचं, ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला, १५ पौंड दाबावर १५ ते २० मिनिटं निर्जंतुक करायचं, प्लेटमध्ये ओतायचं, जिवाणू सोडायचे आणि ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवायचं. वसाहती दिसणार उद्या. म्हणजे एक प्रयोग दोन दिवसांवर पसरतो. जो मुलगा सोमवारी आला आणि मंगळवारी क्लासला गेला, त्याच्या जर्नलमध्ये निरीक्षण दुसऱ्याचं उतरवलेलं असतं. ग्रॅम स्टेनिंग, म्हणजे जिवाणू रंगवून त्यांचा प्रकार ओळखणं, वाचून येत नाही. क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, आयोडीन एक मिनिट, मग अल्कोहोल दहा-वीस सेकंद, शेवटी सॅफ्रॅनिन. अल्कोहोल जरा जास्त वेळ राहिलं की जांभळे दिसायला हवेत ते जिवाणू गुलाबी दिसतात आणि निष्कर्षच उलटा होतो. ते दहा-वीस सेकंद हाताला कळावे लागतात, आणि हाताला कळायला पाच-सात वेळा स्वतः स्लाइड करावी लागते. उलट रसायनशास्त्राचं अनुमापन एका बैठकीत संपतं. ब्युरेट भरली, तीन वाचनं सारखी आली, गणित केलं, घरी. प्राणिशास्त्र-वनस्पतीशास्त्रातले नमुने ओळखणं आणि स्लाइड पाहणंही त्याच दिवशी उरकतं, शिवाय नीटच्या जीवशास्त्राची उजळणी होते.

म्हणून आमचं मत असं: सोलापुरातच राहून, क्लास सांभाळून एकदा पुन्हा बसणाऱ्याने पहिल्या वर्षाला रसायनशास्त्राबरोबर प्राणिशास्त्र, वनस्पतीशास्त्र घ्यावं. सूक्ष्मजीवशास्त्र त्याने घ्यावं ज्याला ते मनापासून करायचं आहे आणि जो रोज येणार आहे. तो विषय फार चांगला आहे, म्हणूनच अर्ध्या मनाने घेण्यासारखा नाही. बायोटेक्नॉलॉजीचं नाव आकर्षक, पण बहुतेक ठिकाणी ती तुकडी विनाअनुदानित असते, फी जास्त असते, आणि एमएस्सी केल्याशिवाय त्या पदवीला बाजारात फारशी किंमत येत नाही. प्रवेशाआधी प्रयोगशाळा स्वतः जाऊन पाहा. ऑटोक्लेव्ह चालू आहे का, लॅमिनार एअरफ्लो (निर्जंतुक हवेत काम करायचं कपाट) आहे का, आणि एका सूक्ष्मदर्शकावर किती मुलं बसतात एवढं विचारलं तरी पुरेसं कळतं.

नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षी घेतलेल्या विषयांतूनच पुढे मेजर (मुख्य) आणि मायनर (दुय्यम) विषय ठरतात. म्हणजे "आत्ता काहीही घे, नंतर बघू" हे आता चालत नाही. तेव्हा पुढचंही बोलू. सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा आहे. गाळपाच्या हंगामात रसाचा ब्रिक्स आणि पोल ही गोडीची मापं पाहणाऱ्या प्रयोगशाळांना रसायनशास्त्राची मुलं लागतात, चिंचोळी एमआयडीसीतल्या औषध-रसायन कारखान्यांनाही लागतात. सूक्ष्मजीवशास्त्रवाल्याला दूध, अन्नप्रक्रिया, पाणी तपासणी आणि औषधांची गुणवत्ता तपासणी ही क्षेत्रं आहेत. दवाखान्याच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ व्हायचं तर मात्र डीएमएलटी किंवा बीएमएलटी हवं, नुसती मायक्रोबायॉलॉजीतली बीएस्सी पुरत नाही. आणि पॅथॉलॉजीच्या अहवालावर सही पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरचीच लागते. वनस्पतीशास्त्राला लोक उगीच नाकं मुरडतात. आपल्या केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, आणि तेल्या हा जिवाणूंमुळे होणारा रोग डाळिंबाच्या बागाच्या बागा झोपवतो. वनस्पतीरोगांचा अभ्यास करणाऱ्याला या जिल्ह्यात काम शोधत लांब जावं लागू नये.

लातूरला राहून पूर्णवेळ तयारी करणाऱ्या मुलाचं नाव सोलापुरात बीएस्सीला अडकवू नका. हजेरी नाही, अंतर्गत गुण नाहीत, प्रात्यक्षिक नाही. वर्षाअखेर हातात एटीकेटी. शिवाय नीट सहसा मे महिन्याच्या पहिल्या रविवारी असते आणि दुसऱ्या सत्राची प्रात्यक्षिकं, लेखी परीक्षा नेमकी त्याच्या आगेमागे येते. अशा मुलाने सरळ वर्ष घ्यावं, किंवा यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए सुरू करावं. पदवीची अट असलेल्या स्पर्धा परीक्षांना ते चालतं. रोज हजर राहून वर्ष पूर्ण करणाऱ्याची क्रेडिट्स (श्रेयांक) मात्र 'अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'च्या खात्यात सात वर्षांपर्यंत जमा राहतात, ती फुकट जात नाहीत.

पुन्हा बसायचं की नाही हे एकूण गुणांवरून ठरवू नये. गुणपत्रिका विषयवार उघडा. जीवशास्त्रात ३६० पैकी ३०० आणि फिजिक्समध्ये १८० पैकी ४० असतील, तर आणखी एक वर्ष जीवशास्त्राची पुस्तकं पाठ करून काही हलणार नाही. ते वर्ष फिजिक्सचं असायला हवं आणि तसं वेळापत्रक आखता येत असेल तरच घ्यावं. तिन्ही विषय थोडेथोडे कमी असतील तर एक वर्ष उपयोगी पडतं. सलग दोन प्रयत्नांत फिजिक्स जागचं हललं नसेल, तर आमच्या मते तिसरा प्रयत्न पूर्णवेळ करू नये. प्रयत्नांना आणि वयाला वरची मर्यादा नाही, त्यामुळे पदवी करतानाही बसता येतं.

बीएस्सीला प्रवेश घेतल्यावर मेडिकलचा नंबर लागला तर काय, याची धास्ती पालकांना असते. वैद्यकीय प्रवेशाच्या फेऱ्या पार दिवाळीपर्यंत लांबतात आणि जागा लागल्यावर हजर व्हायला मोजके दिवस मिळतात. शाळा सोडल्याचा दाखला बीएस्सीच्या कॉलेजात जमा असतो, नवा दाखला निघायला वेळ लागतो. म्हणून यादीची चाहूल लागताच अर्ज द्यावा. मूळ गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रं कॉलेजने ठेवून घ्यायची नाहीत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच बजावलं आहे. त्याच अधिसूचनेत फी परतीचं कोष्टक आहे: प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस आधीपर्यंत रद्द केल्यास पूर्ण फी (प्रक्रिया शुल्क फार तर ५ टक्के, तेही ५ हजारांच्या आत), त्या तारखेपर्यंत ९० टक्के, नंतरच्या १५ दिवसांत ८०, तीसाव्या दिवसापर्यंत ५०, पुढे काही नाही. तेव्हा ती 'शेवटची तारीख' लिहून ठेवावी.

नीटच्या गुणांवर एमबीबीएसखेरीज बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी आणि पशुवैद्यकीय प्रवेशही होतात, पण एका अर्जात सगळं येत नाही. राज्याचा अर्ज सीईटी सेलकडे, अखिल भारतीय कोट्याचा एमसीसी या केंद्राच्या समितीकडे, आयुषच्या (बीएएमएस, बीएचएमएस) अखिल भारतीय जागांचा आणखी वेगळा, पशुवैद्यकीयचा वेगळा. बीएस्सी नर्सिंगला राज्याची स्वतंत्र सीईटी आहे. बी.फार्मसी आणि बीएस्सी अ‍ॅग्रीसाठी एमएचटी-सीईटीचा पीसीबी गट: २०० गुण, निगेटिव्ह नाही, अकरावीचा भार २० टक्के, बारावीचा ८०. या सीईटींचे अर्ज नीटच्या निकालाच्या कितीतरी आधी बंद होतात. "नीटचं काय होतंय ते बघू, मग भरू" म्हणणाऱ्याला जूनमध्ये फार्मसीचं दार बंद आढळतं. बारावीत असतानाच, जानेवारी-फेब्रुवारीत हे अर्ज भरून टाकावेत. तीच गोष्ट जात पडताळणीची. तो अर्ज अकरावीतच द्यावा. आजोबांच्या काळात तेलंगणातून किंवा कर्नाटकातून आलेल्या घरांना जुना पुरावा शोधायला वेळ लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा.

शहरातल्या आणि तालुक्यांतल्या महाविद्यालयांना आमची एक विनंती आहे. माहितीपत्रकात उत्तीर्णांचे फोटो छापता, त्याच्या शेजारच्या पानावर तीन गोष्टी छापा: अकरावीच्या प्रत्येक तुकडीत जीवशास्त्र आहे की नाही, एफवायच्या प्रत्येक विषयाची प्रात्यक्षिकं आठवड्यात कोणत्या वारी आणि किती वाजता असतात, आणि प्रवेश रद्द करण्याच्या तारखा. अर्ज विकत घेतानाच हे हातात पडलं तर पालक मुलाशी घरी बसून बोलू शकतील.

आपले,
विज्ञान विषय शिकवणारे काही शिक्षक, सोलापूर